जिन्यातला दिवा तीस टक्क्यांवर

जबाब देणाऱ्याचे नाव: ओळखपत्रावर आहे तेच. कामावर सगळे 'टेस्टर' म्हणतात.
वय: तेवीस. धंदा: वायरमन. शिक्षण: सातवी, परीक्षेला बसलो नाही.
राहणार: बेकरीच्या वरच्या माळ्यावर, कामगारांच्या खोलीत. कायमचा पत्ता लांबचा आहे, तोही ओळखपत्रावर आहे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष बसून, मला विचारलं त्याप्रमाणे सांगतो की, ज्यांच्या घरी मी वायरिंग केलं त्या आजींच्या घराच्या मागच्या बाजूची स्वयंपाकघराची खिडकी काल संध्याकाळी मी पेचकसाने उघडली आणि आत गेलो. हे मी नाकारत नाही. आजींना मी पाडलं नाही. मी आत गेलो तेव्हा त्या आधीच पडलेल्या होत्या. माझ्यावर जो संशय आहे तो याच एका गोष्टीवरून आहे, म्हणून ती पहिल्यांदा लिहून घ्यावी असं मी सांगितलं.

खिडकीचा आणि दिव्याचा संबंध काय असं साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, संबंध आहे, पण तो सांगायला बटणापासून सुरुवात करावी लागेल.

इथे येण्याआधी मी गोदामात होतो, त्याआधी रंगाच्या कामावर, त्याआधी एका ट्रकवर. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. वायरिंगच्या कामात मात्र टिकलो, कारण त्यात रोज घर वेगळं असतं. मेन बंद केल्यावरसुद्धा मी प्रत्येक तारेला टेस्टर लावून बघतो, बंद दिसली तरी. त्यावरून पोरांनी नाव पाडलं. ठेकेदार म्हणतात, याला लग्नात बायको दाखवली तर तिलाही टेस्टर लावील. पण या कामात दिसतं त्यावर विश्वास ठेवणारा माणूस जास्त दिवस काम करत नाही.

आजी त्या घरात एकट्या राहतात. त्यांचे यजमान वारलेत. मुलगा दुसऱ्या देशात नोकरीला आहे, त्याला मी दादा म्हणतो, भेटलो नाही, फोनवरच बोललो आहे. समोर रस्त्यापलीकडे शिंपीकाकांचं दुकान आहे. शिवलेल्या शर्टांना बटणं लावायचं काम काका आजींकडे देतात. आजी ते काम जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून करतात, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे पडतो. जिन्याला रस्त्याच्या बाजूने उंच दुधी काच आहे. आत दिवा लागला की बाहेरून कळतं.

दादांनी ठेकेदारांना घरातली जुनी बटणं काढून स्मार्ट डिमर बसवायला सांगितले, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी, लांबून फोनवरही दिसणारी आणि चालणारी बटणं. ते काम मी एकट्याने केलं.

साध्या बटणाचं असं आहे. दिव्याला दोन तारा जातात. एकीतून करंट येतो, तिला फेज म्हणतात. दुसरीतून परत जातो, ती न्यूट्रल. बटण फेजच्या वाटेत बसवलेलं असतं आणि ते म्हणजे एक छोटा पूल. खट केलं की पूल खाली येतो, करंट पलीकडे जातो. परत खट केलं की पूल उचलला जातो. बाकी आत काही नसतं. पत्रा आणि स्प्रिंग. जिन्यात एकाच दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. मधे दोन वाटा असतात. दोन्ही बटणं एकाच वाटेवर आली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वाटांवर असली की विझतो. म्हणून खालून लावून वर जाऊन बंद करता येतो. पण काही झालं तरी माणूस तिथे असावा लागतो. बटण स्वतःहून खट करत नाही.

डिमरमध्ये पूल नसतो, पहारेकरी असतो. तो करंट सोडतो, अडवतो, सोडतो, अडवतो, आणि हे इतकं झरझर करतो की डोळ्याला उघडझाप दिसत नाही, नुसता मंद उजेड दिसतो. त्याला जागं राहायला स्वतःलाही थोडा करंट लागतो, म्हणून बटणाच्या डबीत न्यूट्रलही आणावी लागते. जुन्या घरात ती डबीत नसते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी विचारलं की 'पहारेकरी' काढून दुसरा शब्द लिहू का. मी राहू द्या म्हणालो.

ती न्यूट्रल मी स्वयंपाकघरातल्या बोर्डातून पाइपाने जिन्यापर्यंत ओढली. तो बोर्ड खिडकीच्या शेजारी आहे. खिडकीची कडी सैल असल्याचं मला तेव्हाच दिसलं. चोरी करायची म्हणून मी ते बघून ठेवलं असं जे म्हटलं जातं त्याबद्दल सांगतो की, मी लगेच आजींना सांगितलं होतं की कडी बदला. त्या म्हणाल्या, "चोर आला तर त्याला चहा टाकायला लावीन. एकटीसाठी टाकायचा कंटाळा येतो."

जुनी बटणं मी पिशवीत टाकली होती. आजींनी ती परत काढून घेतली, जिन्यातली दोन निवडली आणि शर्टाच्या बटणांच्या डब्यात ठेवली. म्हणाल्या, यजमानांनी स्वतः बसवली होती. नवीन कसं चालवायचं ते मी दाखवायला लागलो तर म्हणाल्या, जन्मभर मी बटणं लावत आले आणि आता तू मला बटण शिकवतोस का. त्यांची तक्रार एवढीच होती की नवीन बटण खट म्हणत नाही, दाबलं की नाही ते बोटाला कळत नाही. ती तक्रार बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

टायमर कुणाच्या सांगण्यावरून लावला असं विचारल्यावरून सांगतो की, दादांच्या. ते फोनवर म्हणाले, आई संध्याकाळी अंधारात भिंत चाचपत बटण शोधते, एक दिवस पडेल, तेव्हा अंधार पडला की दिवा आपोआप लागू दे आणि सकाळपर्यंत मंद राहू दे. तीस टक्के ठेव म्हणाले. मी ठेवला. काळजीनेच सांगितलं होतं आणि मीही काळजीनेच बसवला. सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. कामात चूक नाही, हे मी आजही सांगतो.

आजींना तीस टक्के पसंत नव्हते. त्या उजेडात सुईत दोरा ओवता येईना. मी सामान न्यायला परत गेलो तेव्हा त्यांनी मला पायरीवर बसवलं.

"तीस टक्क्यांत तर पोरं नापास होतात. दिवा कसा पास केलास?"

मी म्हणालो, मी त्यापेक्षा कमीत नापास आहे. त्या हसल्या. मग मी त्यांना दाखवलं की बटणाच्या वरच्या भागावर बोट ठेवून दाबून धरायचं, उजेड हळूहळू वाढतो, पूर्ण झाला की सोडायचं. ते त्यांना आवडलं. दूध वर येताना बघावं तसं वाटतं म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी टायमर परत तीसवरच लावतो, हेही मी सांगितलं. मग रोज वाढवीन, त्याला काय झालं, असं त्या म्हणाल्या.

आणि त्या रोज वाढवत होत्या. हे मला कसं माहीत असं विचारल्यावरून सांगतो की, कामावरून खोलीवर जायचा माझा रस्ता तोच आहे. दिवा पूर्ण असला की दुधी काचेतून उजेड रस्ता ओलांडून काकांच्या दुकानाच्या पायरीवर पडतो. तीसवर असला की नुसती काच उजळलेली दिसते, रस्त्यावर काही येत नाही. बसवलेलं काम जाता जाता बघायची मला सवय आहे. कधी मी जाताना काच मंद असायची आणि बघता बघता पायरीपर्यंत उजेड यायचा. म्हणजे आत्ता आजींनी बोट ठेवलं. मी तेवढ्यासाठी थांबायचो. आजींना ते माहीत नाही.

परवा संध्याकाळी मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा काच मंद होती. थोडा वेळ उभा राहिलो. उजेड वाढला नाही. मी खोलीवर गेलो. तेव्हाच बेल का वाजवली नाही असं विचारल्यावरून सांगतो की, त्याला कारण काही नाही.

काल संध्याकाळी पुन्हा गेलो. काच मंदच. जिथे उजेड पडायला हवा त्या पायरीवर काका एक शर्ट झटकत होते. मी आजींबद्दल विचारलं. काका म्हणाले, रुसली असेल, मी तिला म्हणालो होतो की हल्ली तुझी बटणं सैल बसतात, एवढं तिला पुरतं. दोन दिवस माल न्यायला आली नाही. पण ठीक आहे ती, दिवा लागलाय की.

मी म्हणालो, "काका, तो दिवा त्यांनी लावलेला नाही. तो आपोआप लागतो."

काकांनी शर्ट खाली ठेवला. "आपोआप म्हणजे?"

मी सांगितलं, टायमर आहे, घरात कुणी असो नसो, अंधार पडला की तो लागतो. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी काम केलं तेव्हापासून. काका काच बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मग मी रोज कुणाला बघत होतो?"

ते काय म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही. बेल वाजवता वाजवता त्यांनी सांगितलं. यजमान गेल्यापासून काका आणि आजी यांचं ठरलेलं होतं. दुकान बंद करायच्या आधी काका जिन्याची काच बघायचे. दिवा लागला म्हणजे आजी उठत्या-बसत्या आहेत. लागला नाही तर काकांनी येऊन दार वाजवायचं. एकदा त्या झोपून राहिल्या होत्या तेव्हा काकांनी येऊन दार बडवून अख्खी गल्ली गोळा केली होती, आणि त्यावरून आजी त्यांना महिनाभर बोलल्या होत्या. हे ठरलेलं दादांना माहीत नव्हतं, आणि मला तर नव्हतंच. कुणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. दिवा नवीन झाल्यापासून एक दिवस चुकला नाही म्हणून काका उलट जास्त निश्चिंत होते.

दाराला आतून कडी होती. बेल वाजत होती, पण आतून काही आवाज येईना. काकांनी दादांना फोन लावला, तो लागला नाही. काकांचे गुडघे गेलेले आहेत. ते पुढे दार वाजवत राहिले आणि मी बाजूच्या बोळातून मागे गेलो. आधी ठेकेदारांना विचारायला हवं होतं, हे बरोबर आहे. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, परक्या मुलखात नसती उठाठेव करू नकोस, म्हणून विचारलं नाही.

सैल कडी पेचकसाने सहज सरकली. आत उतरताना माझा पाय ओट्यावरच्या पातेल्याला लागून ते फरशीवर पडलं. त्या आवाजाने ग्लानीत असलेल्या आजी दचकून ओरडल्या. काकांनी त्यांच्या जबाबात सांगितलं आहे की आधी धाडकन आवाज झाला आणि मग आजींचं ओरडणं ऐकू आलं. ते खरं आहे. मी पुढच्या दाराशी असतो तर मीही तसंच सांगितलं असतं. काका खोटं बोललेले नाहीत, त्यांच्यावर कुणी रागावू नये.

आजी जिन्याच्या खाली, पायऱ्या आणि भिंत यांच्या मधे पडलेल्या होत्या. पाय वेडावाकडा होता. ओठ सुकलेले होते. शर्टाची बटणं फरशीभर सांडली होती, डबा उलटा होता. वर तीस टक्क्यांचा दिवा होता. त्या तिथे पडल्या होत्या आणि दिवा लागत होता, विझत होता, परत लागत होता. हे मी आत्ता सांगतो आहे, तेव्हा सुचलं नव्हतं.

त्यांनी कोण आहे विचारलं. मी म्हणालो, दिवेवाला. त्या म्हणाल्या, "तो आधी वाढव."

मी बटणावर बोट ठेवून उजेड पूर्ण केला. मग पुढच्या दाराची कडी काढली. मग माझ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. पाणी एकदम देऊ नको असं फोनवरच्या बाईंनी सांगितल्यामुळे मी ओल्या फडक्याने ओठ पुसले. काका दारातच खाली बसले. मी पाणी आधी दिलं नाही, दिवा आधी केला, याचं कारण विचारल्यावरून सांगतो की, त्यांनी तो आधी मागितला.

बाजूच्या ताईंनी मला खिडकीतून आत जाताना पाहिलं होतं आणि ठाण्याला कळवलं होतं. त्यांनी बरोबरच केलं. पेचकस घेऊन खिडकीत चढलेला माणूस मी पाहिला असता तर मीही तेच केलं असतं. त्यांनी दोन माणसं बोलावली, त्या दोघांनी मला धरलं. मारहाण केली का असं विचारल्यावरून सांगतो की, नाही. एकाने एक कानाखाली दिली, ती लिहायची गरज नाही. तरी हवालदारांनी लिहिली.

दादांनी ठाण्याला फोनवर सांगितलं की मी कुणालाही घरात जायला सांगितलं नव्हतं. तेही खरं आहे. त्यांच्या फोनवरही दिवा रोज लागलेला दिसत होता. आई फोन उचलत नाही हे त्यांना नवीन नव्हतं, त्या शिवताना फोन स्वयंपाकघरातच ठेवतात. समोर काका आणि लांबून दादा, दोघंही तोच दिवा बघून निश्चिंत होते.

मी पाडलं नाही याला पुरावा काय असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, पुरावा दिव्याचाच आहे, तो दोन संध्याकाळ वाढला नाही, आणि तो मी पाहिला आहे. साहेब म्हणाले, मंद दिवा मी पंचनाम्यात कुठे बांधू. त्या वेळी आजींचं ऑपरेशन चालू होतं. त्या बोलल्याशिवाय मला सोडता येणार नाही असं मला सांगण्यात आलं. मी बसून राहिलो. इतका वेळ एका जागी मी शाळेतही बसलो नव्हतो.

त्या बाईंशी तुझं नातं काय असं विचारल्यावरून सांगतो की, नातं नाही. घरी कुणाला कळवायचं का असं विचारलं, मी नको म्हणालो. माझा फोन ठाण्यात जमा आहे. रोज संध्याकाळी मी आईला एक मिस्ड कॉल देतो. बोलायचं नसतं. तिकडे वाजला की ती तो कापते आणि जेवायला बसते. काल दिलेला नाही.

हा जबाब लिहीत असतानाच महिला हवालदार दवाखान्यातून आल्या. आजी शुद्धीवर आल्या आहेत आणि बोलल्या आहेत. त्यांनी काय सांगितलं ते माझ्यासमोर वाचून दाखवलं, ते असं: "मी परवा दुपारी पडले. वरून उतरताना पाय सरकला. पोरगा काल आला. खिडकीतून आला म्हणून चोर ठरवू नका, दार मला उघडता येत नव्हतं. त्याला विचारा, येताना खिडकी लावलीस का?"

खिडकी लावली नव्हती. ते तसं सांगावं.

आणखी काही सांगायचं आहे का असं विचारल्यावरून सांगतो की, दोन गोष्टी आहेत.

एक. आजी दवाखान्यात आहेत आणि घर बंद आहे. पण आज अंधार पडला की तो दिवा लागणार. दादांना इथून फोन करून सांगावं की टायमर बंद करा. डिमर राहू दे, त्यात वाईट काही नाही, तो बोटाने चालवता येतो. फक्त आपोआप लागणं बंद करा. घरात कुणी नाही तर काच अंधारी दिसली पाहिजे. आजी घरी आल्या की त्या सांगतील ते मी करीन. डब्यातली जुनी बटणं परत बसवायला सांगितली तर तीही बसवीन. साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला. दादांनी तिकडे आपल्या फोनवर टायमर उघडला. मग म्हणाले, केला बंद. मग मला विचारलं, आई तो दिवा रोज स्वतः वाढवायची का? मी हो म्हणालो.

दोन. माझा फोन थोडा वेळ द्यावा. हवालदारसाहेब म्हणाले, नंबर सांग, मीच देतो मिस्ड कॉल, तिकडे तसाच वाजेल. ते चांगल्या मनाने म्हणाले. मी नको म्हणालो, मी माझ्या हाताने देतो. त्यांनी फोन दिला. मी मिस्ड कॉल दिला. आईने कापला नाही, उचलला. काल काय झालं असं तिने विचारलं. मी म्हणालो, काम होतं.

हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी 'गेलो' म्हटलं तिथे दोन ठिकाणी 'प्रवेश केला' असं लिहिलेलं आहे, पण अर्थ तोच आहे, राहू द्या. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वाचता वाचता खोलीत अंधार झाला आणि अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा हवालदारसाहेब उठले आणि दाराजवळचं बटण खट करून दिवा लावला. तो त्यांनी हाताने लावला, हे मी समोर बसून पाहिलं आहे आणि ते खरं आहे.

सही: माझी आहे.